शस्त्रवैद्य घडविणारा वॉर्ड

मुंबईच्या किंवा पुण्याच्या एखाद्या मोठ्या शिक्षण-रुग्णालयांत अपरात्रीं कोणाला न्यावें लागलें, तर प्रथम गांठ पडते ती निवासी डॉक्टराशीं. वय पंचविशी-तिशीचें, डोळ्यांवर झोप, आणि हातीं मात्र साऱ्या वॉर्डाचा भार. या तरुणास 'रेसिडेंट' कां म्हणतात, आणि त्यानें रुग्णालयांतच कां राहावें, हें शोधूं गेल्यास अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरापर्यंत जावें लागतें.

बाल्टिमोरचे व्यापारी जॉन्स हॉपकिन्स १८७३ सालीं निवर्तले. त्यांनीं सत्तर लाख डॉलरची संपत्ति विद्यापीठ व रुग्णालय यांस निम्मी निम्मी ठेविली होती. त्यांतून उभें राहिलेलें रुग्णालय मे १८८९ मध्यें उघडलें. वैद्यकीय महाविद्यालयाला मात्र पैसा पुरेना. अखेर मेरी गॅरेट या बाईंनीं मोठी रक्कम दिली, ती एका अटीवर : स्त्रियांस पुरुषांच्याच नियमांनीं प्रवेश मिळाला पाहिजे. १८९३ सालच्या पहिल्या अठरा विद्यार्थ्यांत तीन स्त्रिया होत्या. आपल्या आनंदीबाई जोशी अवघ्या सात वर्षांपूर्वीं फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, त्या स्त्रियांच्या वेगळ्या महाविद्यालयांतून, हें येथें आठवावें.

त्या काळीं शस्त्रवैद्य होण्याची रीत विलक्षण होती. कांहीं व्याख्यानें ऐकावीं, पदवी घ्यावी, आणि रुग्णाच्या अंगावर सुरी चालवूनच सुरी चालविण्यास शिकावें. १८४६ सालीं बॉस्टन येथें ईथरची भूल जगापुढें आली. तत्पूर्वीं रुग्ण शुद्धींत असे, म्हणून ज्याचा हात झपाट्यानें चाले तोच निष्णात ठरे. भूल आली, लिस्टर यांची जंतुनाशक पद्धति आली, तरी घाईची जुनी संवय पुष्कळांच्या हातांतून गेली नव्हती.

हॉपकिन्समध्यें शस्त्रक्रियेचा विभाग आला तो विल्यम स्टुअर्ट हॅल्स्टेड यांजकडे. न्यूयॉर्क येथें १८५२ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं जर्मनी व ऑस्ट्रिया येथील रुग्णालयांत दोन वर्षें घालविलीं होतीं. तेथें तरुण सहायक वर्षानुवर्षें एका आचार्याच्या हाताखालीं राहून तयार होत, तें त्यांनीं डोळे भरून पाहिलें होतें. न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांचें नांव झालें. पण १८८४ सालीं कोकेनच्या बधिर करण्याच्या गुणाचा शोध घेतांना त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं तें स्वतःच्याच अंगावर टोंचून पाहिलें, आणि त्याचें व्यसन जडलें. कांहीं सोबत्यांचें आयुष्य त्यांत धुळीस मिळालें. हॅल्स्टेड इस्पितळांत राहून आले, आणि मित्र वेल्च यांच्या आश्रयानें बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेंत दाखल झाले. तेथें कुत्र्यांच्या आंतड्यांवर टांके घालून त्यांनीं १८८७ सालीं दाखविलें कीं, टांका धरून ठेवणारा थर आंतल्या अस्तराच्या लगत बाहेरून असतो. तो न पकडल्यास टांका सुटतो.

पूर्वीचे हॅल्स्टेड धडाडीचे होते. आतांचे मंद, अलिप्त व कमालीचे काटेकोर. रक्ताचा प्रत्येक थेंब आवरावा, बारीक रेशमानें बांधावें, पेशींस इजा होईल अशी ओढाताण करूं नये, हा त्यांचा दंडक. एकेक शस्त्रक्रिया तासन्‌तास चाले. पाहुण्या शस्त्रवैद्यांस हें पाहून कंटाळा येई. जखमा न पिकतां भरून येत, हें पाहण्यास ते थांबत नसत.

रबरी हातमोज्यांची कथा याच खोलींतली. शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणानें सोलून निघत. हॅल्स्टेड यांनीं गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठीं पातळ रबरी मोजे करवून घेतले. १८९० सालीं दोघांचें लग्न झालें. मोजे आले ते हात वांचविण्यास; रुग्ण वांचविण्यास नव्हे. सहायक ब्लडगुड यांनीं ते नेमानें वापरण्याचा परिपाठ घातला, व अंतर्गळाच्या शस्त्रक्रियांत जखम पिकण्याचें प्रमाण एकदम खालीं आलें. इतकीं वर्षें ही साधी गोष्ट आपणांस कशी दिसली नाहीं, याचें नवल हॅल्स्टेड यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे.

परंतु त्यांची खरी निर्मिति म्हणजे शिक्षणाची उतरंड. पायथ्याशीं पुष्कळ सहायक, वर चढतां चढतां गळती, आणि माथ्यावर एकच निवासी शस्त्रवैद्य. १९०४ सालीं येल विद्यापीठांत केलेल्या भाषणांत त्यांनीं हिशेब दिला : सरासरी आठ वर्षें, सहा सहायक म्हणून, दोन वॉर्डाचा प्रमुख म्हणून. या तरुणांनीं अविवाहित असावें व रुग्णालयांतच राहावें, असा रिवाज होता. 'रेसिडेंट' शब्दाचा अर्थ अक्षरशः हाच. हॅल्स्टेड स्वतः उन्हाळ्यांत महिनेच्या महिने नॉर्थ कॅरोलायनांतील आपल्या शेतावर असत. तोंवर वॉर्ड निवासी वैद्यच चालवी. यास दूरदृष्टि म्हणावें कीं निष्काळजीपणा, याविषयीं मतभेद संभवतो. पण जबाबदारी खांद्यावर पडल्यावांचून माणूस तयार होत नाहीं, हें त्या मुलांस तेथें कळलें. ह्यू यंग यांस त्यांनीं मूत्रविकारांचा विभाग देऊं केला, तेव्हां यंग म्हणाले, मला यांतलें कांहीं येत नाहीं. शिकाल, एवढ्यावर प्रश्न मिटला, आणि यंग त्या विषयांतील अग्रणी झाले. कुशिंग व डॅन्डी यांनीं मेंदूच्या शस्त्रक्रियेस शास्त्राचें रूप दिलें, तेही याच वॉर्डांतून येऊन. तेहेतीस वर्षांत उतरंडीच्या माथ्यावर पोंचले ते अवघे सतरा. बाकीच्यांचें काय झालें, याची चौकशी इतिहासकार फारशी करीत नाहींत.

आणखी एक गोष्ट तेव्हां फार थोड्यांस ठाऊक होती. कोकेनच्या जागीं हॅल्स्टेड यांस मॉर्फीनचें व्यसन राहिलें. सहकारी ऑस्लर यांनीं तें टिपून ठेविलें. त्यांचें टिपण १९६९ सालीं उघड झालें. अहोरात्र दक्षतेचा नियम घालणाऱ्या माणसाची ही बाजू वाचतांना मन थबकतें. सतत जागरणाची रीत मात्र जगभर पसरली. १९८४ सालीं न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयांत तरुण मुलगी दगावली, आणि थकलेल्या निवासी डॉक्टरांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. अखेर २००३ सालीं अमेरिकेंत आठवड्यास ८० तासांची मर्यादा पडली.

कर्करोगांत सबंध स्तन व खालचे स्नायु काढण्याची हॅल्स्टेड यांची गाजलेली शस्त्रक्रिया आतां मागें पडली आहे. उतरंडीचा तीव्र उतारही पुढें कमी झाला. १९२२ च्या सप्टेंबरांत पित्तखड्यांच्या विकारानें ते वारले. ती अखेरची शस्त्रक्रिया त्यांच्याच तालमींत तयार झालेल्या ह्युअर व रीड यांनीं केली होती.

या उतरंडीच्या पायरीवरच ज्यांस पाय ठेवतां आला नाहीं, असेही होते. १९४४ च्या नोव्हेंबरांत डॉ. ब्लालॉक यांनीं जन्मतः निळसर पडणाऱ्या एका बालिकेच्या हृदयाजवळील रक्तवाहिन्या जोडल्या. त्या वेळीं पाठीमागें एका चौरंगावर उभे राहून व्हिव्हियन थॉमस त्यांस सूचना देत होते. ही जोडणी थॉमस यांनींच प्रयोगशाळेंत कुत्र्यांवर बसविली होती. ते कृष्णवर्णीय होते. पैशाअभावीं महाविद्यालयांत पाऊल ठेवणेंही त्यांस जमलें नव्हतें. प्रयोगशाळेंत त्यांच्याजवळ हात बसवून अनेक तरुण शस्त्रवैद्य वॉर्डांत गेले. १९७६ सालीं हॉपकिन्स विद्यापीठानें थॉमस यांस सन्मान्य डॉक्टर केलें. ती पदवी कायदे शाखेची होती.