जेम्स ॲलिसन आणि टी-पेशींचा लगाम

कर्करोगावरचे तीन उपाय आपल्या सर्वांच्या माहितीचे आहेत: शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे. तिन्हींत बाहेरचे हत्यार आत शिरून रोगाला कापते, जाळते किंवा विषाने मारते. शरीराच्या स्वतःच्या फौजेला जागे करण्याचा प्रयत्न न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९१ पासून केला होता. परंतु ती फौज चालते कशी, हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, आणि तो प्रयत्न मागे पडला. ते 'कशी' शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या जेम्स ॲलिसन यांची हकीकत मी आपणापुढे ठेवणार आहे.

ॲलिसन यांचा जन्म १९४८ चा, टेक्सासमधील ॲलिस या लहान गावातला. आई लहानपणीच कर्करोगाने गेली. शाळेत जीवशास्त्र शिकवीत, पण त्यातून डार्विन वगळलेला! तेव्हा या मुलाने तो वर्ग नाकारला आणि टपालाने येणाऱ्या पाठांवरून तो विषय पुरा केला. रात्रशाळेत आणि वाचनालयात शिकलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट विशेष मोलाची वाटते.

१९७३ साली डॉक्टरेट मिळाल्यावर त्यांनी टी-पेशींचा अभ्यास आरंभिला. या पेशी रक्तातून गस्त घालतात आणि परक्याला ओळखून मारतात. ज्या प्रथिनाच्या योगाने त्या परक्याला ओळखतात, ते ॲलिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हुडकले. पण केवळ ओळख पटून पेशी लढायला निघत नाही. मोटारीला किल्ली लागते, वेग देणारे पेडल लागते आणि ब्रेकही लागतो. सीडी-२८ हे प्रथिन वेगाचे पेडल ठरले. सीटीएलए-४ हे दुसरे प्रथिन फ्रान्समधील संशोधकांनी १९८७ मध्ये शोधले होते. तेही वेगच वाढवते, असे काहींचे मत होते. बर्कले येथे ॲलिसन व त्यांचे विद्यार्थी क्रमेल यांनी, आणि स्वतंत्रपणे ब्लूस्टोन यांनी, तो ब्रेक असल्याचे दाखवून दिले.

हा ब्रेक आवश्यकच आहे, नाहीतर फौज स्वतःच्याच शरीरावर उलटेल. म्हणून इतर संशोधक तो अधिक घट्ट दाबून शरीरावर उलटलेल्या फौजेला आवरू पाहत होते. ॲलिसन यांनी उलट विचार केला: काही काळ तो सैल केला तर? १९९४ च्या अखेरीस उंदरांवर प्रयोग झाला आणि त्यांच्या गाठी विरघळल्या. नाताळच्या सुट्टीत तो लगेच पुन्हा करून पाहिला. १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

औषध कंपन्यांना त्यात फारसा रस वाटला नाही. ॲलिसन चिकाटीने दारे ठोठावीत राहिले. अखेर मेडॅरेक्स ही लहान कंपनी पुढे आली. २०१० मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ६७६ रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला: मध्यम आयुर्मर्यादा ६.४ महिन्यांवरून सुमारे १० महिन्यांवर गेली. आकडा लहान दिसतो. परंतु पुढील वर्षांत असे दिसले की, हे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे एक-पंचमांश रुग्ण तीन वर्षांनंतरही जिवंत होते आणि त्यांतील बहुतेक पुढेही टिकले. आतडी, त्वचा, यकृत यांवर फौज उलटण्याचा धोकाही दिसून आला. २०११ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. पीडी-१ हा दुसरा ब्रेक शोधणारे जपानचे तासुकू होंजो आणि ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता दुसरी बाजू. मूळचे संशोधन सरकारी विद्यापीठात, जनतेच्या करांतून आलेल्या अनुदानांच्या आधाराने झाले. आणि चार सलाइनांच्या उपचाराची किंमत अमेरिकेत १,२०,००० डॉलर ठरली! ज्याच्या घामाच्या पैशावर विद्या वाढली, त्याच्या हाती तिचे फळ पडू नये, हा कोठला न्याय?

या प्रश्नाला एक कामाचे उत्तर आपल्या परळमधून आले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली आणि २०२२ मध्ये तिचा निकाल प्रसिद्ध केला. पीडी-१ चा ब्रेक सैल करणारे निव्होलुमॅब हे औषध त्यांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिले. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तंबाखूपायी तोंडाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या कष्टकऱ्याच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ मोठा आहे.

पेशी काम कशी करते, हे ॲलिसन यांनी तपासले. औषध किती कमी पुरेल, हे परळच्या डॉक्टरांनी तपासले. ते प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पोहोचवा, ही मागणी करणे मात्र आपले, नागरिकांचे, काम आहे.