गाडीवान, बैल आणि चित्रातला वाघ : भारतीय बालपुस्तकांतील भूतदयेचा प्रवास

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा भारताच्या संसदेने १९६०मध्ये संमत केला. त्याच्या नवव्या कलमात प्राणिकल्याण मंडळाची कार्ये सांगितली आहेत. व्याख्याने, पुस्तके, भित्तिपत्रके आणि चित्रपट यांच्या द्वारे प्राण्यांविषयीच्या सहृदय वर्तनाचे शिक्षण देणे आणि त्यासाठी लोकमत घडविणे, हे त्यांपैकी एक आहे. एका भावनेच्या प्रसारासाठी पुस्तकाचा असा उल्लेख थेट विधिसंहितेत व्हावा, ही बाब वाङ्मयाच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही. दयेचा प्रसार करणारे पुस्तक मुलासाठी लिहिले जाते, तेव्हा ते मुलाला कोठे उभे करते? प्राण्याच्या शेजारी, की प्राण्याला राबविणाऱ्या माणसासमोरच्या न्यायासनावर? भारतीय भाषांतील बालपुस्तकांच्या इतिहासात या दोन्ही भूमिका आढळतात. त्यांच्यातील भेद केवळ आशयाचा नसून कथनरूपाचा आणि पुढे चित्ररूपाचाही आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. मुखवटा आणि साक्षात्कार

भारतीय कथापरंपरेत प्राणी विपुल आहेत. परंतु त्यांची विपुलता म्हणजे त्यांच्याविषयीची करुणा नव्हे. 'पंचतंत्र' आणि 'हितोपदेश' यांतील सिंह, कोल्हा, कावळा हे राजनीतीचे मुखवटे होत. दमनकाच्या कारस्थानात संजीवक बैलाचा बळी जातो, तेव्हा वाचकाने शिकायचे असते ते मित्रभेदाचे तंत्र. बैलाची वेदना तेथे प्रस्तुत नसते. मुद्रणयुगाच्या आरंभी हाच मुखवटा मराठीच्या वाट्याला आला. तंजावरच्या सरफोजी राजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापाच्या कथांचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी रूप सिद्ध झाले आणि मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' १८२८मध्ये निघाली. मुलांसाठी छापलेल्या मराठी गद्याच्या आरंभकाळीच प्राणी आहे, पण तो माणसाच्या वतीने बोलणारा प्राणी आहे.

दुसरी परंपरा संतचरित्रांची आणि जातककथांची. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी करणारे एकनाथ आणि भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव हे दोन प्रसंग मराठी मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ऐकले आहेत. येथे वेदना किंवा भूक प्राण्याची स्वतःची आहे, ही नीतिकथेच्या तुलनेत मोठीच प्रगती होय. तथापि प्राण्याच्या ठायी ईश्वर पाहणे हे या कथांचे मर्म असल्याने कथेचा प्रकाश अखेर संतावर स्थिरावतो. जातकातील मृग किंवा वानर हा बोधिसत्त्वच असतो. नूर इनायत खान यांनी १९३९मध्ये लंडनहून इंग्रजीत प्रकाशित केलेल्या वीस जातककथांच्या सचित्र संग्रहातही प्राण्याचे मोठेपण त्याच्या आत्मत्यागात आहे. साधा, भित्रा, हट्टी, केवळ जगू पाहणारा प्राणी या दोन्ही परंपरांत क्वचितच येतो.

२. चळवळीचे पुस्तक

वेदना भोगणारा सामान्य प्राणी बालवाचनात आला तो एकोणिसाव्या शतकातील प्राणिरक्षक चळवळीबरोबर. लंडनमध्ये १८२४मध्ये प्राणिक्रौर्य-निवारण संस्था स्थापन झाली. भारतातील अशी पहिली संस्था १८६१मध्ये कलकत्त्यात निघाली. तिचा संस्थापक कोल्सवर्दी ग्रँट हा व्यवसायाने चित्रकार होता, ही गोष्ट चित्रपुस्तकांच्या अभ्यासकासाठी अर्थपूर्ण आहे. बंगालमधील ग्रामजीवनाची त्याची रेखाचित्रे प्रसिद्ध आहेत. शिवाय कलकत्त्याच्या मुलांना उद्देशून त्याने क्रौर्याविषयी एक पुस्तिकाही लिहिली. त्याचे चरित्र १८८१मध्ये प्यारीचाँद मित्र यांनी लिहिले. बंगाली कादंबरीच्या आरंभीच्या काळातील 'आलालेर घरेर दुलाल'चे कर्ते ते हेच. कादंबरी, चित्रकला आणि भूतदया यांचा हा कलकत्त्यातील संगम आकस्मिक मानता येत नाही. दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरण्याची नवी वाङ्मयीन रीत येथे मनुष्येतर जिवापर्यंत पोहोचत होती.

या रीतीचा जागतिक नमुना म्हणजे ॲना स्यूअल यांची 'ब्लॅक ब्यूटी' (१८७७). घोड्याने सांगितलेले हे आत्मचरित्र मुळात मुलांसाठी नव्हते. घोड्यांशी काम पडणाऱ्या माणसांसाठी ते लिहिले होते. अमेरिकेत जॉर्ज एंजेल यांनी १८९०मध्ये त्याची आवृत्ती काढून गाडीवान आणि मोतद्दार यांच्यात ते वाटण्याची मोहीम चालविली. मुलांच्या दयामंडळांचे जाळे तेथे आधीच विणले गेले होते. पुस्तक लिहिणे आणि त्याचा प्रसार करणे ही दोन कामे येथे एकाच चळवळीची अंगे झाली. प्रसाराच्या ओघात मात्र मूळ पुस्तकातील एक धागा पुसट झाला. स्यूअल यांच्या कथेतील भाड्याच्या गाड्या हाकणारी माणसे स्वतःच मालकाच्या भाड्याखाली पिचलेली आहेत, आणि घोड्याचे हाल व गाडीवानाचे दारिद्र्य यांचा संबंध लेखिकेने स्पष्ट दाखविला आहे. प्रचाराच्या हाती तिरकमानी लगामाची निंदा अधिक सोपी ठरली.

३. कलकत्ता, १९३०

हा पुसट झालेला धागा भारतात रस्त्यावर उघडा पडला. १८६९च्या बंगालच्या कायद्याने आणि पुढे १८९०च्या अखिल भारतीय कायद्याने क्रौर्य हा दंडनीय अपराध ठरला. दंड भरणारा बहुधा गाडीवान असे. १९३०च्या एप्रिलमध्ये, उन्हाळ्याच्या भर दुपारी म्हशींच्या गाड्या चालविण्यास घातलेल्या बंदीविरुद्ध कलकत्त्याच्या गाडीवानांनी संप केला, गाड्या आडव्या लावून रस्ते अडविले आणि पोलिसांनी गोळीबार केला. म्हशीला दुपारचे ऊन सोसत नाही, हे खरे होते. दुपारचे काही तास गाडी उभी राहिली तर गाडीवानाची मजुरी बुडते, हेही खरे होते. दयेचा नियम करणाऱ्यांनी यांपैकी एकच सत्य विचारात घेतले होते.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३१मध्ये, प्रेमचंदांची 'दो बैलों की कथा' प्रसिद्ध झाली. संप आणि कथा यांत कार्यकारणभाव शोधण्याचे कारण नाही. परंतु एका शेजारी एक ठेवून वाचली असता त्यांतून एक प्रश्न उभा राहतो. हिरा आणि मोती हे बैल आपल्या धन्याच्या, झुरीच्या, मायेतले आहेत. त्यांना छळणाऱ्या गयाच्या घरी रात्री चोरून पोळी भरविते ती सावत्र आईचा मार खाणारी लहान मुलगी. कोंडवाड्यात अडकल्यावर ते भिंत फोडून आधी इतर जनावरांना वाट करून देतात. येथे प्राण्याची कड घेण्यासाठी शेतकऱ्याला आरोपी करावे लागत नाही. मार खाणारी मुलगी आणि मार खाणारा बैल यांच्यात जे घडते ते वरून खाली उतरणाऱ्या दयेपेक्षा वेगळे आहे. त्याला सहवेदना म्हणणेच योग्य होईल. १९३६मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या 'कुत्ते की कहानी'त प्रेमचंदांनी प्राण्याच्या आत्मकथनाचे रूप स्वीकारले, आणि साहेबाच्या घरी सन्मान व सुखे लाभलेल्या कुत्र्यालाही गळ्यातला पट्टा सलतो असे दाखवून दयेच्या पलीकडचा, स्वातंत्र्याचा प्रश्न विचारला. आत्मकथनाची मर्यादा मात्र तेथेही राहते. बोलू लागलेला प्राणी माणसाची भाषा बोलतो आणि त्या मानाने पुन्हा माणूसच होतो.

४. आकार बदलला की दृष्टी बदलते

या मर्यादेवर अवनींद्रनाथ ठाकुरांनी 'बुडो आंग्ला'मध्ये निराळा उपाय योजला. 'मौचाक' या मुलांच्या मासिकात क्रमशः आलेली ही कथा १९४१मध्ये पुस्तकरूप झाली. तिचे मूळ सेल्मा लागरलॉव यांच्या 'निल्स'च्या प्रवासकथेत (१९०६-०७) आहे. ते पुस्तक स्वीडनच्या शिक्षक-संघटनेने भूगोलाचे वाचनपुस्तक म्हणून लिहवून घेतले होते. जनावरांना छळणारा मुलगा शापाने बोटाएवढा होतो आणि रानहंसांबरोबर देशभर फिरतो, हा सांगाडा अवनींद्रनाथांनी ठेवला. बाकी सर्व त्यांनी बंगालच्या मातीत रुजविले. घरभुताच्या जागी गणेश आला, स्वीडनच्या प्रांतांच्या जागी बंगालची खेडी, आसाम आणि हिमालय आले. नायकाचे नाव रिदय. नाव हृदय, पण हृदयाचा पत्ता नाही, ही कोटी लेखकाने आरंभीच केली आहे.

तौलनिक दृष्टीने महत्त्वाचे ते येथील रूपांतराचे तंत्र. प्राण्यांशी चांगले वागावे असा उपदेश रिदयला फारसा कोणी करीत नाही. त्याचा आकार तेवढा बदलतो. काल ज्यांची खोडी काढली ते आज त्याच्यापेक्षा थोर आहेत. ज्याच्या पाठीवर बसायचे त्या हंसाचा श्वास, थकवा आणि भीती आता त्याच्या स्वतःच्या जिवाशी बांधली गेली आहे. करुणा ही भावना म्हणून न सांगता दृष्टिकोण म्हणून घडविण्याची ही रीत मूलतः चित्रकाराची आहे. ती सुचलेला लेखक चित्रकारच होता. त्यानंतरच्या चित्रपुस्तकाने नेमके हेच साधन वापरले.

५. शासन, न्यास आणि एकच चित्र

स्वातंत्र्योत्तर काळात भूतदयेच्या प्रसाराची जबाबदारी राज्यसंस्थेने उचलली. १९५२मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पुढच्या वर्षी प्राणिक्रौर्याविरुद्ध खासगी विधेयक मांडले. शासन स्वतःचे विधेयक आणील या नेहरूंच्या आश्वासनावर त्यांनी ते मागे घेतले, आणि त्यातून १९६०चा कायदा झाला. १९६२मध्ये स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. याच काळात, १९५७मध्ये, व्यंगचित्रकार शंकर यांचा चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट आणि शासनाचा नॅशनल बुक ट्रस्ट या दोन संस्था दिल्लीत उदयाला आल्या.

नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय या मालेने भारतीय बालवाचनाला एक अपूर्व रूप दिले. चित्रे सर्व भाषांसाठी एकच. भाषेनुसार बदले ती फक्त अक्षरे. परिणामी मराठी, तमिळ, आसामी वा उर्दू मूल एकाच हत्तीकडे पाहत वाढले. रूपा नावाच्या हत्तिणीवरील मिकी पटेल यांच्या पुस्तकात चित्र आणि कथा एकाच हातची होती. अनुवादात कथा भाषेगणिक नवी झाली, हत्तीण मात्र तीच राहिली. मूळ संहिता आणि अनुवाद हे नाते येथे शिथिल होते, कारण पुस्तकाचे खरे 'मूळ' चित्रात असते. ही किंमत लहान नव्हती. सर्व प्रांतांना चालेल असा प्राणी रेखाटताना त्याला राबविणारा, त्याच्यावर पोट भरणारा विशिष्ट प्रदेशातील माणूस बहुधा चित्राबाहेर राहिला. स्वस्त दरात सर्वदूर पोहोचलेली ही पुस्तके प्राण्याची ओळख करून देत. प्राणी आणि माणूस यांच्यातील पेच त्यांत क्वचितच येई.

६. झाडावरचा वाघ

हा पेच चित्रपुस्तकात हसतखेळत आणला तो १९९७मध्ये चेन्नईच्या तारा प्रकाशनाने काढलेल्या 'टायगर ऑन अ ट्री'ने. पद्य अनुष्का रविशंकर यांचे, चित्रे पुलक विश्वास यांची. घाबरून झाडावर चढलेल्या वाघाला गावकरी पकडतात आणि मग त्याचे काय करायचे याचा खल सुरू होतो. एकाहून एक विक्षिप्त सूचना येतात आणि शेवटी वाघाला सोडून दिले जाते. वाघ आपल्या सुटकेसाठी वकिली करीत नाही. तो चित्रात असतो, पानभर असतो आणि माणसांसारखाच भेदरलेला असतो. गावकरीही दुष्ट नाहीत. शब्द निरर्थ काव्याच्या अंगाने जात असताना करुणेचे काम चित्र करते, आणि निर्णय झाल्याचा आनंद मुलाला उपदेशाविना मिळतो. प्राण्याला मुके राहू देऊनही त्याची बाजू मांडता येते, हे चित्रपुस्तकाचे सामर्थ्य येथे सिद्ध झाले.

७. वाचक कोण?

प्रसाराची साधने आता विपुल झाली आहेत. प्रथम बुक्सने २०१५मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर चित्रकथा मुक्त परवान्याने अनेक भाषांत उपलब्ध आहेत. लेखनासमोरचा जुना प्रश्न मात्र अधिक तीव्र झाला आहे. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांचे खेळ करण्यास १९९८च्या अधिसूचनेने बंदी झाली आणि २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. नाकात वेसण घातलेल्या अस्वलाचे दुःख खरे होते, म्हणून ही बंदी न्याय्यच होती. परंतु अस्वलाच्या सुटकेची कथा लिहिताना त्याला नाचविणाऱ्या कलंदराला केवळ खलपुरुष करणे म्हणजे १९३०च्या चुकीची पुनरावृत्ती होय.

ग्रँटने कलकत्त्याच्या मुलांना उद्देशून लिहिले, तेव्हा गाडीवानाचा मुलगा त्याच्या वाचकांत गणला जाण्याची शक्यता फारशी नव्हती. शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्यानंतर तो मुलगा, मेंढपाळाची मुलगी आणि खाटकाचा मुलगा वर्गात त्याच पुस्तकासमोर बसतात. भूतदयेचे पुस्तक आपल्या बापाला आरोपी ठरविते, असे त्यांपैकी एकालाही वाटले, तर पुस्तक मिटले जाते आणि त्याबरोबर आतला प्राणीही दिसेनासा होतो. प्रेमचंदांची मार खाणारी मुलगी, अवनींद्रनाथांचा बोटाएवढा रिदय आणि झाडाखाली गोंधळलेले गावकरी यांनी या वाचकासाठी जागा ठेवली होती. या पुस्तकांचे मूल्यमापन करताना प्राण्याविषयी त्यांत काय सांगितले आहे एवढेच न पाहता, ते कोणाकोणाला ऐकता येईल असे सांगितले आहे, हेही पाहणे तौलनिक अभ्यासाचे काम ठरते.