तंजावरचे भात आणि दारात उभी गाडी

कावेरीच्या मुखाकडील सखल प्रदेशात भात पिकविण्याची कला जितकी जुनी, तितकीच ते भात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याची विवंचनाही जुनी आहे. तंजावरचे नाव निघाले म्हणजे मराठी वाचकाला एकोजीराजांचे राज्य, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसल्यांचा मराठी वंशवृत्तान्त, एवढे चटकन आठवते. परंतु ज्या संपत्तीवर ते राज्य उभे होते, ती संपत्ती भाताची होती. आणि भाताची रास शेतात कितीही मोठी असली तरी ती कोठारात पोहोचेपर्यंत राजाचीही नव्हे आणि रयतेचीही नव्हे. मधल्या वाटेवर ती असते गाडीवानाच्या स्वाधीन. या गाडीवानाविषयी इतिहासाने फारसे लिहून ठेवलेले नाही.

राजराज चोळाने बांधलेल्या बृहदीश्वराच्या शिलालेखांत देवस्थानाला भात देणाऱ्या गावांचे उल्लेख आहेत आणि ते ज्या मापाने मोजावयाचे त्याचे नावही दिले आहे. ‘आडवल्लान’ हे त्या मापाचे नाव, म्हणजे प्रत्यक्ष देवाचेच. माप देवाच्या नावाचे असल्यावर त्यात खोट काढण्याची कोणाची छाती होणार? पुढे नायक राजांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पापनाशमजवळ तिरुप्पालैत्तुरै येथे विटांचे एक प्रचंड कोठार बांधले. त्यात तीन हजार कलम भात मावत असे. कलम हे त्या मुलखातले धान्याचे माप. हे कोठार आजही उभे आहे. त्याच्याकडे पाहताना बांधणाऱ्याच्या चातुर्याचे कौतुक वाटतेच. पण सुगीच्या दिवसांत त्याच्या दाराशी किती बैलगाड्या खोळंबून राहत असतील, हा विचारही मनात आल्यावाचून राहत नाही. दार थोडे, मापारी त्याहून थोडे आणि गाड्या मात्र साऱ्या एकाच पंधरवड्यात येणार, हा त्या प्रदेशाच्या शेतीचा स्वभावच आहे. कुरुवै हे आखूड मुदतीचे पीक आश्विनाच्या सुमारास हाती येते आणि नेमका त्याच वेळी ईशान्येकडून येणारा पाऊस सुरू होतो. सांबा पीक पौष-माघात निघते, तेव्हा आकाश बहुधा निरभ्र असते. म्हणून खोळंब्याचे खरे दुःख कुरुवैचे. सांब्याची गाडी दोन दिवस उभी राहिली तर बैल कंटाळतात. कुरुवैची गाडी दोन दिवस उभी राहिली तर पोत्यातल्या भाताला मोड फुटतात.

मराठ्यांच्या अमदानीत या प्रदेशाने वैभव पाहिले तसे हालही पाहिले. 1773 ते 1776 या काळात अर्काटच्या नबाबाने राज्य बळकावले, 1781 मध्ये हैदरअलीच्या फौजा शिवारे तुडवीत गेल्या. त्यानंतर दुसऱ्या सरफोजीने 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला आणि स्वतःकडे किल्ला व नामधारी गादी ठेवली. मात्र एका गोष्टीसाठी तो जिवाच्या आकांताने भांडला. ती गोष्ट म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे. प्रतापसिंहाच्या काळापासून राण्यांच्या नावाने उभारलेली ही अन्नछत्रे होती. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र आणि ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र ही त्यांपैकी प्रसिद्ध. छत्रांच्या जमिनी कंपनीने घेऊ नयेत म्हणून 28 जानेवारी 1801 रोजी सरफोजीने रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास पत्र लिहिले. त्यात छत्रांचा रोजचा व्यवहार वर्णिला आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत जो कोणी वाटसरू येईल त्याला शिजलेला भात मिळे, आजाऱ्याला वैद्य मिळे. आणि सर्वांत हृद्य तपशील असा की, मध्यरात्री एक घंटा वाजवीत. अजून कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, त्याच्यासाठी भात राखून ठेवलेला आहे, असा त्या घंटेचा अर्थ. छत्रे मुख्यतः यात्रेकरूंसाठी होती, हे खरे. तथापि वाटेवर अडकलेल्या मनुष्याला उशीर होतो, तो उशीर त्याचा अपराध नव्हे, आणि त्या उशिराचा भार वाटेच्या धन्याने उचलावा, ही समजूत तंजावरच्या कारभारात होती, एवढे त्या घंटेवरून निश्चित दिसते.

1855 साली दुसरा शिवाजी औरस पुत्रावाचून वारला आणि राज्य खालसा झाले. सहा वर्षांत, म्हणजे 1861 मध्ये, नागपट्टणमहून आगगाडी तंजावरला आली आणि पुढल्या वर्षी ती तिरुचिरापल्लीस पोहोचली. ‘ग्रेट सदर्न ऑफ इंडिया’ या कंपनीचा तो मार्ग. रूळ आरंभी रुंद होते. 1870 नंतरच्या दशकात ते उखडून मीटरगेज घातले गेले. त्यामुळे रुंद रुळांच्या मुलखात जावयाचा माल मध्येच एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. एकच पोते हमालाच्या पाठीवर दोनदा चढे. नागपट्टणमच्या बंदरातून तंजावरचा तांदूळ सिलोनातील मळ्यांवरच्या तमिळ मजुरांसाठी जाई, तेथे होडीत आणि जहाजात आणखी दोनदा.

आगगाडीने एक नवी गोष्ट आणली. डबा ही कंपनीची मालमत्ता. तो अडकून पडला तर कंपनीचे नुकसान. म्हणून मालधन्याने ठराविक तासांत डबा भरावा किंवा रिकामा करावा, न केल्यास दर तासाला आकार द्यावा, असा नियम झाला. या आकाराला डेमरेज म्हणतात, आणि माल धक्क्यावर पडून राहिल्यास जो आकार पडतो तो व्हार्फेज. 1989 च्या रेल्वे कायद्यात या दोहोंच्या व्याख्या दिलेल्या आहेत. वेळेला पैशाची किंमत अशी प्रथम लागली, पण ती लोखंडी डब्याच्या वेळेला. धक्क्याबाहेर रांगेत उभ्या असलेल्या बैलगाडीच्या वेळेला ती लागली नाही.

1942 मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि मद्रास इलाख्यात सरकारी खरेदी व शिधावाटप आले. 1952 मध्ये राजगोपालाचारींनी नियंत्रण उठविले. पण अन्नाचा प्रश्न सुटला नव्हता. त्याच सुमारास गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामीण पतपुरवठा पाहणी समितीने, ज्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते, गावोगाव वखारी उभाराव्यात असा आग्रह धरला आणि त्यातून 1956 चा वखार महामंडळांचा कायदा निघाला. पुढे अन्न महामंडळ स्थापन झाले 14 जानेवारी 1965 रोजी, ऐन पोंगलच्या दिवशी. आणि त्याचे पहिले जिल्हा कार्यालय उघडले ते तंजावरलाच. देशाच्या धान्यकोठाराचा श्रीगणेशा जेथे व्हावयास हवा होता तेथेच तो झाला. 1972 मध्ये तमिळनाडूचे नागरी पुरवठा महामंडळ निघाले. गावोगाव थेट खरेदी केंद्रे मांडून शेतकऱ्याकडून भात घ्यावयाचे, चाळीस किलोंच्या पोत्यांत भरावयाचे आणि लॉरीने गोदामात, गिरणीत किंवा रेल्वेच्या मालधक्क्यावर न्यावयाचे, अशी त्याची पद्धत आहे.

लॉरीवाल्याची कहाणी येथून सुरू होते. सोळा टनांच्या लॉरीत चाळीस किलोंची चारशे पोती बसतात. ही चारशे पोती माणूस डोक्यावर वाहून चढवितो आणि माणूसच उतरवितो. रांगेत लॉरी तिसावी असेल तर तिच्यापुढे अकरा हजारांवर पोती उतरावयाची आहेत, हा हिशेब ड्रायव्हरला तोंडपाठ असतो. गोदामाच्या फाटकावर वजनकाटा एक. ओलावा तपासणारा एक. भात सतरा टक्क्यांपेक्षा अधिक ओले असता कामा नये हा सरकारी दंडक. गोदाम भरलेले असले तर आतले धान्य हलल्याखेरीज बाहेरचे आत येत नाही. गिरणी मंद चालली तर गोदाम रिते होत नाही. बारदान संपले तर सारेच थांबते. ड्रायव्हर यांपैकी कशाचाच मालक नाही. त्याचा मेहनताना बहुधा फेरीवर ठरलेला. उभ्या दिवसाची फेरी होत नाही. ताडपत्रीखाली भात वाळून वजनात तूट आली तर ती वाहतूक ठेकेदाराच्या बिलातून कापली जाते आणि ठेकेदार ती कोणाकडून भरून काढतो हे सांगावयास नको. रात्र लॉरीखाली चटईवर, आंघोळ कालव्यावर.

या रांगेत रागाचा पहिला बळी ठरतो तो हमाल, आणि हे अन्यायाचे आहे. पोत्यामागे दर ठरलेला मनुष्य मुद्दाम आळस करीत नाही. आळसात त्याचीच मजुरी बुडते. भर उन्हात पोते खांद्यावर घेऊन फळीवरून चढणाऱ्याची गती किती असावी, याचा अंदाज गादीवर बसून करता येत नाही. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने हमालाला नोंद, मंडळ आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला. तरीही आपल्या बाजारपेठांत हमाली, तोलाई आणि वाराई यांचा बोजा कोणी सोसावा यावरून ट्रकवाला आणि हमाल यांची जुंपतेच. दोघेही एकाच खोळंब्याची माणसे. एक ओझ्याखाली थकतो, दुसरा ओझ्याशेजारी.

ड्रायव्हरसाठी कायदा नव्हता असे नाही. 1961 चा मोटर वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालतो. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू. एक-दोन लॉऱ्यांच्या मालकाकडला ड्रायव्हर सहसा त्याबाहेरच राहिला. शिवाय त्या कायद्याने ‘कामाचे तास’ या शब्दांची जी व्याख्या केली तीही पाहण्यासारखी आहे. गाडी चालविण्याचा वेळ, त्याच्या जोडीच्या कामांचा वेळ आणि थांब्यावरील पंधरा मिनिटांहून कमी अशी नुसती हजेरी, एवढे त्यात नाव घेऊन धरले आहे. पंधरा मिनिटांपुढच्या हजेरीचे नावच नाही. कुंभकोणमच्या रस्त्यावर दोन दिवस रांगेत असलेल्या मनुष्याला हे कलम वाचून दाखविले तर तो हसेल की चिडेल, सांगता येत नाही. हा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहितेत विलीन झाला. मालवाहतुकीचा 1865 चा जुना कायदा आणि त्याच्या जागी आलेला 2007 चा कायदा, या दोहोंचा मुख्य रोख मालाच्या सुरक्षिततेवर आहे. आणि माल तर बोलूनचालून मुका.

ऑक्टोबर 2025 मध्ये हे सर्व एकदम उघड्यावर आले. मेट्टूर धरणाचे पाणी वेळेवर, जूनच्या 12 तारखेला, सुटले होते. कुरुवै उदंड पिकले आणि पाऊसही वेळेवर आला. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टणम या जिल्ह्यांतील खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या थप्प्या लागल्या, रस्त्याच्या कडेला भाताच्या राशी भिजल्या, कित्येक राशींना कोंब आले. ओलाव्याची मर्यादा सतरावरून बावीस टक्क्यांवर न्यावी अशी राज्य सरकारने मागणी केली आणि केंद्राची पथके नमुने नेण्यास आली. पोषणमूल्य वाढविण्यासाठी तांदळात मिसळावयाच्या दाण्यांच्या मंजुरीस झालेला विलंब हेही अडचणीचे एक कारण म्हणून पुढे आले. हा दाणा शेतातही नव्हता आणि लॉरीतही नव्हता, पण त्याची वाट पाहत गिरणी थांबली, गिरणीसाठी गोदाम थांबले आणि गोदामासाठी लॉरी.

तंजावरच्या स्टेशनात मात्र रिकामी मालगाडी लागली की चित्र पालटते. बेचाळीस डबे, सुमारे दोन हजार टन भात, म्हणजे पन्नास हजार पोती. आणि भरावयास मोजके तास. डब्यांचा डेमरेज चालू होण्याआधी काम संपले पाहिजे, म्हणून हमालांच्या टोळ्या वाढतात, दिवे लागतात, शिट्ट्या वाजतात आणि कालपर्यंत जागच्या न हललेल्या लॉऱ्या एकामागून एक धक्क्याकडे बोलावल्या जातात. मध्यरात्र उलटून गेल्यावरही फाटक उघडे असते. शेवटचा डबा बंद झाला की ते लागते, आणि ज्या लॉऱ्यांची पाळी आली नाही त्यांचे ड्रायव्हर पुन्हा चटई पसरतात.