हिंगोलीची छावणी आणि घरी न पोचलेले शब्द

हिंगोलीला एकेकाळी लष्करी छावणी होती. १९०३ पर्यंत इथं हैदराबाद कंटिंजंटची फौज असायची. मुलूख निजामाचा, हुकूम मात्र इंग्रज साहेबाचा. याच फौजेच्या खर्चापायी १८५३ साली निजामाला अख्खं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. इतकी महागडी फौज होती ही!

१९०३ ला ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली. तिच्या घोडदळातून २० वी डेक्कन हॉर्स ही पलटण झाली. तिच्यात शीख, जाट आणि आपल्याकडचे दखनी मुसलमान होते. १९१४ ला ही पलटण फ्रान्सला गेली. १४ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत हाय वूडजवळ ती घोड्यावर बसून, हातात भाले घेऊन जर्मन मशीनगनच्या समोर गेली.

या शिपायांनी घरी काय लिहिलं, हे आज कळतं ते इंग्रजांच्या संशयामुळं. हिंदी सैनिकांची पत्रं तपासायला फ्रान्समध्ये सेन्सॉरचं ऑफिस होतं. पत्रं उर्दू, हिंदी, गुरुमुखी, मराठी अशा भाषा-लिप्यांत असायची. बऱ्याच जणांना लिहिता येत नव्हतं, मग दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं. साहेब त्यातले उतारे इंग्रजीत करून वर पाठवायचे. ते उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रं बहुतेक गेलीच.

मी त्यातले काही वाचले. शिपाई काय कमी हुशार नव्हते. पत्र फोडलं जातं हे माहीत होतं, म्हणून काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, अशी सांकेतिक भाषा. भरती होऊ नको, हे भावाला सांगायचं ते असं आडून. आणि दुसरीकडं, फ्रान्समधल्या बाया शेती सांभाळतात, पोरी शाळेत जातात हे बघून कुणी घरी लिहितो की आपल्या मुलीला शिकवा. खंदकात बसलेला माणूस हे लिहितोय, १९१५-१६ ला!

मराठा पलटणींचं दुखणं वेगळं. १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथं वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. धान्य संपलं, घोडे कापले. धर्मापायी अनेकांनी ते मांस खाल्लं नाही आणि उपाशी राहिले. शेवटी सुमारे १३ हजार जण तुर्कांच्या कैदेत गेले. कितीतरी वाटेतच मेले. वेढ्यातून कसली आलीत पत्रं? इकडं आयाबाया वाटच बघत राहिल्या असतील.

आता आपल्याकडची गोष्ट. त्या काळी इथला हिंदू माणूस पत्र लिहायचा ते बहुधा मोडीत, दखनी मुसलमान लिहायचा उर्दूत. म्हणजे एखाद्या घरातल्या पेटीत तसा कागद असेलही, पण पणतूला तो वाचता येत नाही. आजोबांचं म्हणणं लंडनला इंग्रजीत मिळतं, घरातला कागद मात्र मुका! असे कागद रद्दीत जाताना मी पाहिलेत.

मोडी आणि उर्दू वाचणारे लोक आपल्या जिल्ह्यात अजून आहेत. दिवाळीची साफसफाई करताना जुनं पोस्टकार्ड, पलटणीचा दाखला, पेन्शनचा कागद सापडला तर फेकू नका. आधी फोटो काढून ठेवा, मग कुणालातरी दाखवा.