कापरेकरांची क्रिया व सी भाषेतील आवर्तन

महाड व पोलादपूर तालुक्यांच्या उत्तरेस, माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे १९८९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची स्थापना झाली व सावित्रीच्या खोऱ्यातील विद्यार्थ्यास संगणकशास्त्र घराजवळ उपलब्ध झाले. सी भाषा शिकणारा नवशिका प्रथम अडखळतो तो 'लूप' अर्थात आवर्तनापाशी. एकच क्रिया पुनःपुन्हा कशी करावी हे त्यास लवकर उमगते. ती कोठे थांबावी हे उमगत नाही. हा प्रश्न सी भाषेहून जुना आहे, आणि त्याचे उत्कृष्ट उदाहरण कोकणातच जन्मलेल्या एका शिक्षकाच्या कार्यात आढळते.

द. रा. कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. देवळाली येथे ते शिक्षक होते. १९४९ साली, भारतात एकही इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र नसताना, त्यांनी पुढील क्रियेचा शोध लावला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावे, मोठीतून लहान वजा करावी व बाकीवर तीच क्रिया चालवावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे ६१७४ हीच संख्या येत राहते, आणि तेथे पोहोचण्यास सातांहून अधिक फेऱ्या कधीच लागत नाहीत. पुष्कळांनी यास करमणूक मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांच्या लेखाने मात्र कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले.

डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सी भाषा रचली. तीत 'व्हाइल' हा प्रकार अट आधी तपासतो, 'डू-व्हाइल' क्रियेनंतर तपासतो, आणि 'फॉर' मध्ये आरंभ, अट व बदल एकत्र मांडले जातात. कापरेकरांच्या फेऱ्यांची संख्या प्रत्येक वेळी निराळी असल्याने येथे 'व्हाइल' योग्य होय : संख्या ६१७४ नसेल तोवर क्रिया चालू ठेवावी.

परंतु ११११ दिल्यास बाकी शून्य येते, शून्यातून पुन्हा शून्यच, आणि आवर्तन कधीही संपत नाही. २१११ चे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. तीतून १११२ वजा जाता ९९९ उरतात. कागदावर लिहिणारा सहजच ०९९९ मांडतो व ९९९० उणे ०९९९ म्हणजे ८९९१ अशी वाट पुढे सरकते. यंत्रास आरंभीचे शून्य दिसत नाही. संख्येस दहाने भागून एकेक अंक वेगळा करण्याचे आतील आवर्तन जर 'संख्या संपेपर्यंत' अशा अटीवर लिहिले असेल, तर तीनच अंक हाती येतात व ९९९ उणे ९९९ हे पुन्हा शून्यावर आदळते. म्हणून आतील आवर्तन 'फॉर' ने नेमके चार वेळा चालवावे लागते, म्हणजे चौथा अंक शून्य मिळतो. आणि बाहेरील अटीस सात फेऱ्यांची मर्यादा जोडली की ११११ ही संख्याही यंत्रास अडकवून ठेवीत नाही.