सात थरांचा पाठ आणि चालते जाळे

चेन्नईतील संगणकशास्त्राचा विद्यार्थी नेटवर्कच्या अभ्यासाला आरंभ करतो तो बहुधा सात थरांच्या आकृतीने. तळाशी तार, माथ्यावर वापरकर्त्याचा प्रोग्रॅम आणि मध्ये पाच थर. परीक्षेसाठी ही उतरंड तोंडपाठ केली जाते. मात्र त्याच विद्यार्थ्याच्या खिशातील फोन ज्या नियमांनी जगाशी बोलतो, ते नियम या आकृतीहून जुने आहेत आणि तिच्यात नेमके बसतही नाहीत. ही विसंगती कशी निर्माण झाली, याचा एक अध्याय भारतात लिहिला गेला आणि मद्रास त्यात आरंभापासून सहभागी होते.

प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांमधील संभाषणाची ठरलेली रीत. आधी कोणी बोलायचे, हरवलेला तुकडा कसा ओळखायचा, समोरचा थकला असता वेग कसा आवरायचा, हे सारे त्यात येते. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली अशा एका रीतीची मांडणी केली. तिच्यातून टीसीपी/आयपी आकाराला आले आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेटने ते स्वीकारले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ओएसआय हे सात थरांचे प्रारूप प्रसिद्ध केले. अनेक सरकारांचा कौल त्या वेळी या दुसऱ्या पक्षाला होता, कारण त्यामागे मानक संघटनेची अधिकृत मोहोर होती.

याच संधिकाळात, १९८६ साली, केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास येथील पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे एनसीएसटी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग, असे आठ सहभागी होते. एनसीएसटीची धुरा डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्याकडे होती. केवळ तारा जोडणे एवढाच प्रकल्पाचा हेतू नव्हता. नेटवर्क समजणारी माणसे देशात घडावीत, हाही त्याचा हेतू होता.

प्रारंभी सेवा एकच होती, ती म्हणजे ई-मेल. एक संगणक दुसऱ्याला टेलिफोन करी, साठलेली पत्रे देई-घेई आणि फोन ठेवी. पुढे जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई दरम्यान सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणारी कायमची जोडणी मिळाली आणि १९९२ पर्यंत मद्राससह सर्व आयआयटी अशाच जोडण्यांनी सांधल्या गेल्या. त्या वेगाने एक मेगाबाइटची फाइल पाठवायला सुमारे १४ मिनिटे लागत.

या तारांवर अर्नेटने टीसीपी/आयपी आणि ओएसआय हे दोन्ही प्रोटोकॉल एकत्र चालविले. निर्णय समितीच्या टेबलावर न होता तारेवरच झाला. १९९५ पर्यंत जवळजवळ सारी वाहतूक टीसीपी/आयपीवर गेली होती. कारणे व्यावहारिक होती. टीसीपी/आयपीचा प्रोग्रॅम बर्कलीच्या युनिक्ससोबत येत असे आणि विद्यापीठांतील मंडळींना तो उघडून वाचता, बदलता येई. शिवाय परदेशी विद्यापीठांची जाळी तीच भाषा बोलत होती. त्याच्या तुलनेत ओएसआयचे दस्तऐवज अवजड होते आणि चालते प्रोग्रॅम थोडे होते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले. तोवर हे प्रोटोकॉल प्रत्यक्ष चालविलेली, बिघडलेली आणि दुरुस्त केलेली माणसे देशात तयार झाली होती.

त्या समजेचे फळ मद्रासमध्येही दिसले. आयआयटीतील अशोक झुनझुनवाला, भास्कर राममूर्ती आणि टिमोथी गोन्साल्विस यांच्या ‘टेनेट’ गटाने नव्वदच्या दशकात कॉरडेक्ट ही बिनतारी जोडणी विकसित करण्यात पुढाकार घेतला. टेलिफोन एक्स्चेंजची रचना काही मिनिटांच्या बोलण्यासाठी केलेली असते. इंटरनेट वापरणारा मात्र तासन्‌तास लाइन अडवून ठेवतो. म्हणून कॉरडेक्टमध्ये आवाज आणि डेटा एक्स्चेंजपूर्वीच वेगळे केले गेले आणि बोलणे चालू असतानाही सेकंदाला ३५ किलोबिट वेगाने इंटरनेट मिळू लागले. कोणता भार कोठे पडतो, हे ज्याने ओळखले त्यालाच असा उपाय सुचतो.

तरीही सात थरांना निरुपयोगी ठरविणे अन्यायाचे होईल. मोठ्या जाळ्यांना वाट दाखविणारा आयएस-आयएस प्रोटोकॉल ओएसआयच्या कुळातला आहे. बँकेचे संकेतस्थळ खरे आहे की बनावट, हे ब्राउझर ज्या प्रमाणपत्रावरून ताडून पाहतो, त्याचे एक्स.५०९ हे मानकही त्याच प्रयत्नातून आले. शिवाय बिघाड नेमका कोणत्या पातळीवर आहे हे सांगण्यासाठी अभियंते आजही त्याच थरांची भाषा वापरतात.

म्हणून ती आकृती शिकवावी, पण तिचा इतिहास सांगूनच. एकीकडे कागदावर परिपूर्ण असलेली रचना होती आणि दुसरीकडे अपुरी, पण चालती. चालणारी रचना हजारो हातांनी सुधारत नेली. ज्या प्रयोगशाळेत विद्यार्थी तारेवरून जाणारे पॅकेट स्वतः पकडून वाचतो, तेथे अर्नेटचा मूळ हेतू अजून जिवंत आहे. जेथे तो केवळ थरांची नावे पाठ करतो, तेथे तो हेतू विसरला गेला आहे.