दुर्जेय प्रतिपक्ष (भूमिकाखेळांतील)

मेजाभोवती बसून संभाषण व फासे यांच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत, ज्याच्याशी शस्त्र धरणे म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा समूळ नाश ओढवून घेणे होय, असा शत्रू. त्याच्यापुढून पळावे, लपावे, जाबसाल करावा की खंडणी देऊन वाट मागावी, या विवेकाची अशा प्रसंगी परीक्षा होते. आणि ती न्याय्य ठरावी याची जबाबदारी खेळाडूंहून सूत्रधारावर, म्हणजे ‘डंजन मास्टर’वर, अधिक असते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात रानात भेटणारी ऑर्क नावाच्या राक्षसांची टोळी ३० ते ३०० जणांची असू शके, आणि मूठभर पात्रांनी तिच्याशी समोरासमोर लढावे अशी अपेक्षा नसे. म्हणून पाठलाग चुकविण्याची तरतूद त्याच नियमांत होती : मागे खाद्य टाकल्यास निर्बुद्ध प्राणी शंभरांत नव्वद वेळा त्यात गुंतत, तर बुद्धिमान शत्रूंना टाकलेले द्रव्य त्याच प्रमाणात थोपवी. टॉम मोल्डवे यांच्या १९८१ च्या सुबोध आवृत्तीत भेट होताच टाकलेल्या दोन षट्फलकी फाशांची बेरीज २ आली तरच शत्रू तत्काळ तुटून पडे, १२ आल्यास मैत्रीस उत्सुक होई, आणि ६ ते ८ या सर्वांत संभवनीय कौलावर तो दोलायमान राही. याहून मार्मिक योजना अनुभवगुणांच्या, म्हणजे पात्राची पातळी वाढविणाऱ्या गुणांच्या, हिशेबात होती. हस्तगत केलेल्या एका सुवर्णमुद्रेमागे एक गुण मिळे व राक्षस मारल्याचे गुण त्या मानाने किरकोळ असत; त्यामुळे निजलेल्या ड्रॅगनच्या उशालगतची पेटी हळूच लांबविणारा चोर, त्याच्यावर धावून जाणाऱ्या वीराहून अधिक लाभात राही.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक शत्रूस सामर्थ्यदर्शक श्रेणी दिली आणि पात्रांच्या पातळीशी तिचा मेळ घालण्याचे गणित सूत्रधाराच्या हाती ठेवले. त्याही आवृत्तीच्या मार्गदर्शक ग्रंथात सुमारे ५ टक्के प्रसंग पात्रांच्या आवाक्याबाहेरचे असावेत अशी शिफारस होती, हे पुष्कळदा विसरले जाते. परंतु समोर येईल ते जिंकता येणारच, अशी सवय ज्यांना एकोणीस प्रसंगांत जडली, त्यांना विसाव्या वेळी पळण्याची बुद्धी कोठून सुचावी? शिवाय लढाई जुंपल्यावर पाठ फिरविणाऱ्यास बहुधा शत्रूचा एक फुकटचा घाव सोसावा लागतो, आणि सोबती जखमी होऊन पडल्यावर तर त्याला टाकून जाणे नामुष्कीचे वाटते.

सबब शत्रूचे बळ फासे पडण्यापूर्वीच दृग्गोचर झाले पाहिजे. नुसते भयप्रद वर्णन येथे उपयोगी पडत नाही, कारण क्षुद्रांतल्या क्षुद्र राक्षसाचेही वर्णन सूत्रधार भयप्रदच करीत आलेला असतो. वितळून गेलेली ढाल, ओस पडलेले ठाणे, पात्रे ज्याला गुरुस्थानी मानत त्या योद्ध्याचे प्रेत, असे परिणाम दाखवावे लागतात. ‘हा तुम्हांला भारी आहे’ असे उघड सांगण्यासही हरकत नसावी. पात्राला जे डोळ्यांनी दिसले असते ते खेळाडूला शब्दांवाचून कळण्याचा दुसरा मार्ग नाही. शत्रूला पात्रांना ठार मारण्यावाचून अन्य काही हवे असणे, आणि त्या जागेला दुसरी वाट असणे, याचीही तजवीज आधीच करावी.

सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ (१९८१) या भयखेळात दुर्जेय शत्रूचा हा अपवादच नियम झाला. त्यातील निद्रिस्त महादैत्य क्थुलू प्रत्यक्ष अवतरल्यास दर फेरीला एक ते तीन पात्रांचा घास घेतो. अन्वेषकांनी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांनी, आपले काम तो जागा होण्यापूर्वी उरकावयाचे असते.